गल्फला पाठवणारं ऑफिस: अडीच स्टार, आणि त्यातला एक चहाचा

सुरुवातीलाच सांगतो, ऑफिसचं नाव लिहिणार नाहीये. मालक आमच्याच पंचक्रोशीतला, शिमग्याला पालखी त्याच्या अंगणात पण येते आणि आमच्या पण, उद्या समोरासमोर उभं राहायचंय. उत्तर रत्नागिरीतलं एक तालुक्याचं गाव, हार्डवेअरच्या दुकानावर पहिला मजला, एवढं पुरे. ज्याच्या घरात कोणी सौदी-कुवेतला आहे त्याला कळलं असेल.

मी स्वतः १४ वर्षं काढून आलोय तिकडे, एसीचं काम, २००६ ला गेलो आणि कोविडात परत आलो ते कायमचा. त्यामुळे मला वाटलं होतं आता या जिन्याशी आपला संबंध संपला. पण दापोलीच्या ताईचा मुलगा, माझा भाचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन, त्याने फोन केला, मामा तू चल सोबत, तुला त्यांची भाषा समजते. म्हटलं चल. चार महिन्यांत सात फेऱ्या झाल्या त्याचा हा रिव्ह्यू. लांबलाय थोडा, कारण ऑफिसपेक्षा ऑफिसात येणाऱ्यांबद्दलच जास्त लिहायचंय मला, पण ज्याला फक्त पैसे आणि कागद याबद्दल वाचायचंय त्याने सरळ शेवटाकडे जावं.

जागा. जिना अरुंद, दोन माणसं आली की एकाने भिंतीला चिकटायचं. बाकडी दोन, पंखा एक. भिंतीवर बुर्ज खलिफाचं पोस्टर, जे मी माझ्या १४ वर्षांत एकदाही जवळून पाहिलं नाही कारण मी जुबैलला होतो आणि तिथे बघायला रिफायनरीच्या चिमण्या. दोन घड्याळं, एकावर इंडिया लिहिलंय एकावर सौदी, दोघांत अडीच तासांचा फरक असायला हवा पण सौदीचं बंद पडलेलं. काउंटरवरच्या मॅडम चांगल्या आहेत, कुणाला तुसडेपणा करत नाहीत, म्हाताऱ्या आईबापांना खुर्ची देतात. चहा प्रत्येकाला. त्याचा एक स्टार आधीच दिलाय.

आता बाकड्यावरची माणसं. तासन् तास बसावं लागतं त्यामुळे बोलणं होतंच. टीव्हीवर तज्ज्ञ सांगतात की गावात रोजगार नाही म्हणून लोक बाहेर जातात. अर्धंच खरं. माझा भाचा लोट्याच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे लागलेला होता, साडेतेरा हजार हातात. मी त्याला म्हटलं पण, अरे नोकरी आहे ना, बरं चाललंय की. तर तो म्हणाला, "मामा, बरं चाललंय ते तुला लांबून दिसतं," आणि मोबाईलमध्ये लिहिलेला हिशोब काढून दाखवला. खोलीचं भाडं तिघांत वाटून १५००, मेस ३०००, घरी ५०००, भिशी १०००. राहिले तीन हजार. त्यात वडलांच्या साखरेच्या गोळ्या, चुलत बहिणीच्या लग्नाचा आहेर, वाडीतल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची घरपट्टी ५००० (हप्त्याने चालते), गणपतीला घर भरून माणसं, कुणाचं बारसं, कुणाचं बारावं, मित्राची गाडी बंद पडली म्हणून दिलेले हजार जे परत मागता येत नाहीत. आतापर्यंत शिल्लक किती तर ११,०००.

हे ऐकल्यावर मला माझंच २००६ आठवलं. पगार कमी म्हणून माणूस जातो हे म्हणायला सोपं आहे. पण गावात, किंवा गावाच्या हाकेच्या अंतरावर असलात, की पैसा हातात टिकत नाही, कारण गावात नाही म्हणता येत नाही. कोण आलं आणि म्हणालं की पोराची फी भरायचीये तर तुम्ही खिसा उलटा करून दाखवणार का? आणि तुमचा पगार कधी होतो ते सगळ्या वाडीला माहीत. जुबैलला बसलेल्या माणसाला कोणी रात्री आठ वाजता पडवीत येऊन बसत नाही. फोन येतात, पण फोनवर सांगता येतं की कंपनीने दोन महिने पगार दिला नाही. (खोटं बोललोय मी असं. दोनदा.) तर माझं म्हणणं असं की हे ऑफिस नोकरी विकत नाही, अंतर विकतं. दोन वर्षांचं अंतर, ज्यात एखादी गोष्ट पूर्ण होईल. आणि गोष्ट प्रत्येकाची ठरलेली असते. बाकड्यावर कोणालाही विचारा, करिअर कोणी सांगत नाही. स्लॅब टाकायचाय, बहिणीचं लग्न, पतपेढीचं कर्ज, बोअर मारायचीये.

माझ्या ताईच्या घरची गोष्ट म्हणजे सुपारी. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. ताईच्या सासऱ्यांनी लावलेली आगर, साठ-पासष्ट पोफळी, वीस-बावीस माड, तीन तासांत आडवं. सरकारने बागांना हेक्टरी ५० हजार जाहीर केले. ऐकायला बरं वाटतं. पण कोकणात हेक्टर आहे कुणाकडे? आमच्याकडे गुंठ्यात जमीन, त्यात सातबाऱ्यावर नऊ नावं, चार मुंबईला, एक वारलेला. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. ओरडा झाल्यावर मग झाडाप्रमाणे पण भरपाई जाहीर झाली, पण पोफळ पुन्हा लावली की धरायला सात-आठ वर्षं जातात हो, तोवर खायचं काय. त्या वेळी भाचा बारावी सोडून आयटीआयला गेला. म्हणजे त्याने ऑफिसचा जिना २०२४ ला चढला असेल, पण निघाला होता तो त्या जूनमध्येच.

आणि हे काय आजचं नाही. आमच्या आजोबांच्या वेळेला सगळी वाट मुंबईला जायची, गिरणीत चिकटायचं, लालबाग-माझगावला गावकीच्या खोलीत तीस-चाळीस जण पाळीपाळीने झोपायचे आणि घरी मनीऑर्डर. गावात पिकत काय होतं तेव्हा पण? पावसाळ्यात भात आणि वरी-नाचणी, पाऊस धो धो पडून एप्रिलमध्ये टँकर. मनीऑर्डरवरच चाललेलं. मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार, आणि गिरण्या परत काही नीट सुरू झाल्याच नाहीत. माझे काका त्यातलेच, संपात गावी आले ते सहा महिन्यांसाठी आणि राहिले कायमचे. तिकडे १९७३ नंतर तेलाच्या पैशाने गल्फमध्ये बांधकामं निघाली होती, आमच्या बाजूच्या मोहल्ल्यातली मंडळी आधीपासूनच बोटीवर आणि अरबांकडे जात होती, त्यांनी वाट पाडलेली. आमचे कुणबी-मराठे मागून गेले. त्याही आधी म्हणाल तर मॉरिशसला गिरमिटवर (कराराच्या मजुरीवर) गेलेल्यांत रत्नागिरीचे होते, १८३४ पासूनची ती गोष्ट, आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. तेव्हा कोकणी माणूस घरकोंबडा वगैरे जे बोलतात ना त्यांनी जरा बघून बोलावं.

मुंबईला का नाही गेलास, हे पण विचारलं मी भाच्याला. मुंबईला १८ हजार मिळतील, दिव्याला नाहीतर नालासोपाऱ्याला खोली सहा-सात हजार, लोकल, जेवण, आणि परत दर शनिवारी गावाचा कोणीतरी पाहुणा. शिल्लक तीच. सौदीला १५०० रियाल, तेव्हाचा रियाल बावीस-तेवीस रुपये धरा, म्हणजे तेहतीस-चौतीस हजार, कॅम्पात राहणं कंपनीचं, ड्युटीला बस कंपनीची. पंचवीस हजार महिन्याला घरी येतात. पगार मुंबईच्या दुपटीपेक्षा कमीच आहे बघा नीट. पण शिल्लक दहापट. सगळं गणित इथे आहे.

एक आणखी कारण, जे बाकड्यावर पोरं हळू आवाजात सांगतात. लग्न. गावात राहून शेती-बागायत करतो म्हटलं की मुलीकडचे चहा पिऊन उठतात. लोट्याला कॉन्ट्रॅक्टवर म्हटलं की बघू म्हणतात. सौदीला आहे म्हटलं की पत्रिका मागतात. आता मजा अशी की लग्न करून पोरगा पंचेचाळीस दिवसांत परत जातो आणि ती मुलगी सासू-सासऱ्यांसोबत त्याच गावात राहते जिथे तिला राहायचं नव्हतं. माझ्या बायकोला विचारा. नको, विचारू नका.

आणि एक निरीक्षण. सात फेऱ्यांत त्या जिन्यावर मला एकही कातकरी दिसला नाही. गावात सगळ्यात जास्त गरज त्यांना, पण ते जातात वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला, अंगावर उचल घेऊन. परदेशी जायला आधी गहाण टाकायला काहीतरी लागतं, ताईच्या पाटल्या होत्या म्हणून भाचा गेला. जो खरंच खालचा आहे त्याला सौदी पण परवडत नाही. तोवर आमच्या आंब्याच्या बागा कोण राखतंय? नेपाळी. बोटीवर खलाशी कोण? नेपाळी. भाच्याच्या कॅम्पात त्याच्या वरच्या बंकवर कोण झोपतं? नेपाळीच. भाच्याने व्हिडिओ कॉलवर दाखवला, त्या नेपाळ्याचा भाऊ म्हणे रत्नागिरीला बागेत असतो. मला हसू पण आलं आणि कसंतरी पण झालं.

बरं, आता सर्व्हिस.

पैसे. पहिल्या दिवशी भाऊंनी (मालकाला सगळे भाऊ म्हणतात) आकडा सांगितला ८५,०००, सगळं धरून, मेडिकल-तिकीट-स्टॅम्पिंग (म्हणजे व्हिसाचं काम). मी विचारलं पावती? तर हसले. आता कायदा काय आहे तो नीट ऐका कारण तिथे बसलेल्या वीसपैकी एकालाही माहीत नव्हता. परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटला लायसन्स लागतं, १९८३ चा इमिग्रेशनचा कायदा आहे, आणि तो उमेदवाराकडून सर्व्हिस चार्ज म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे ३५,४००, पावतीसकट. आणि लायसन्सवाल्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट साईटवर दिसतं, चालू आहे की संपलंय ते पण. हे आमचं ऑफिस त्या यादीत नाहीच. ते मुंबईच्या एका लायसन्सवाल्याचे सब-एजंट, आणि सब-एजंट हा प्रकार कायद्यात बसतच नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी बाकी कोण आहे? सरकारी ऑफिस मुंबईला, माणूस मंडणगडला, मधल्या रस्त्यावर भाऊ बसलेत.

घासाघीस करून ६०,००० वर आलं. ३५,४०० ची पावती मुंबईच्या एजंटच्या नावाने मिळाली, मी धरणं धरून बसलो म्हणून. वरचे २४,६०० कशाचे ते विचारलं तर "खर्च असतो ना दादा". एक स्टार इथे गेला.

ऑफर लेटर. यावर लक्ष द्या प्लीज. ऑफर लेटरवर बेसिक १५०० आणि जेवणाचे ३००. पाच आठवड्यांनी जे एग्रीमेंट आलं त्यात बेसिक १३०० आणि जेवणाचं नावच नाही. भाचा सही करायला पेन उघडून बसलेला. कारण त्या वेळेपर्यंत मेडिकल झालेलं असतं, लोट्याचं काम सोडलेलं असतं, पाटल्या गहाण असतात आणि गावात सगळ्यांना सांगून झालेलं असतं, माणूस मागे फिरूच शकत नाही, आणि हे समोरच्याला बरोबर माहीत असतं. बेसिक कमी म्हणजे नुसते दोनशे रियाल नव्हेत, ओव्हरटाइमचा हिशोब बेसिकला धरून होतो. मी म्हटलं आम्ही निघालो, पैसे परत द्या. भाऊंनी मुंबईला फोन लावला, दोन दिवसांनी नवीन कागद, बेसिक १५००, जेवणाचे २००. शंभर रियाल गेले ते गेलेच. पण मान्य करतो, भाऊंनी फोन लावला. दुसरा असता तर मला जिन्यावरून खाली ढकललं असतं. अर्धा स्टार.

मेडिकल आणि ट्रेड टेस्ट. मेडिकलचं सेंटर आता ऑनलाईन ठरतं, वाफिदची (गल्फच्या मेडिकलची साईट) स्लिप निघते, त्यात ऑफिसचा हात नाही, तरी "आपल्या ओळखीचं सेंटर आहे" म्हणून वेगळे पैसे मागतात, देऊ नका. ज्याच्या छातीवर जुन्या टीबीचा डाग आहे त्याला एक्स-रेमध्ये अनफिट करतात, बरा झालेला असला तरी, तेव्हा काम सोडायच्या आधी मेडिकल करून घ्या. आमच्या समोर एक माणूस अनफिट होऊन आला, आधीच राजीनामा दिलेला, चहा हातात तसाच थंड. सौदीसाठी इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर अशा ट्रेडना आता तकामोलची (सौदीची कामाची चाचणी) परीक्षा पास व्हावी लागते, ती चांगली गोष्ट आहे, आमच्या वेळेला शेतकरी पण मेसन म्हणून जायचे आणि तिकडे जाऊन थापी धरायला शिकायचे. भाच्याची मुलाखत दिलेल्या तारखेला दिलेल्या वेळेला झाली. इथे पूर्ण एक स्टार, कारण मी २००६ ला मुंबईत अकरा दिवस वाट बघितलेली आहे.

आणि आता राग येणारी गोष्ट. शेजारच्या वाडीतला एक पोरगा, नववी पास, त्यामुळे पासपोर्ट ईसीआर. दहावी झालेली नसेल तर १८ देशांत कामाला जाताना, त्यात सौदी-दुबई-कतार सगळं आलं, इमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावा लागतो. कटकट आहे, पण त्या कटकटीतच एग्रीमेंट नोंदवलं जातं आणि प्रवासी भारतीय विमा निघतो, दोन वर्षांचे २७५ रुपये, अपघातात गेला तर घरच्यांना १० लाख. त्या पोराला भाऊंनी काय सांगितलं? व्हिजिट व्हिसावर दुबईला जा, तिकडे कामाच्या व्हिसात कन्व्हर्ट होतं, एअरपोर्टला आपला माणूस पुशिंग करतो, तपासणीतून काढून देतो. म्हणजे पर्यटक म्हणून. हातात एग्रीमेंट नाही, विमा नाही, तिकडे काही झालं तर कागदावर तो फिरायला गेलेला. मी त्याच्या बाबांना खाली टपरीवर नेऊन समजावलं, ते म्हणाले, "पण बाकीची पोरं गेलीच ना तशी." गेली. त्यातली किती परत आलेली बघितलीत ते पण मोजा म्हटलं. सध्या त्याचं मुंबईच्या यादीतल्या एका एजंटकडे सरळ चाललंय, अजून व्हिसा आलेला नाही, घरात मला शिव्या पडत असतील. याचा आणखी एक स्टार कापला.

गेल्यानंतरची सर्व्हिस म्हणाल तर शून्य. भाचा दमामला उतरला, कंपनीचा माणूस घ्यायला आला सहा तासांनी, ऑफिसचा फोन बंद. अकामा (तिथलं राहण्याचं परवाना-कार्ड) निघायला दोन महिने लागले तोवर कॅम्पाबाहेर जाता येईना. पहिला पगार सत्तेचाळिसाव्या दिवशी. पण आला, पूर्ण आला, १७०० रियाल. ताईने पहिल्या पैशातून पाटल्यांचं व्याज भरलं. पोफळीची नवी रोपं पण लावलीत, धरायला लागतील तेव्हा भाच्याचे तीन-चार करार झालेले असतील.

ज्यांना जायचंच आहे त्यांना. सकाळी साडेदहाच्या आत जा, दुपारी लाईट जाते आणि मग प्रिंटर बंद. लायसन्स नंबर मागा आणि त्यांच्यासमोरच मोबाईलवर टाकून बघा. एग्रीमेंट हातात आल्याशिवाय नोकरी सोडू नका. आणि पहिल्याच दिवशी मॅडम पासपोर्ट जमा करा म्हणतील, करू नका, स्टॅम्पिंगला जाईपर्यंत झेरॉक्सवर चालतं. झेरॉक्स खाली हार्डवेअरवाल्याकडेच निघते, दोन रुपयाला.